घोड्यांची हाडं 'घट्ट' करणारी औषधं: बंदी ठरावीक वयापर्यंत की कायमची?

खोगीर (धागाकर्ता)

अमेरिकेत २२ मे २०२३ पासून शर्यतीच्या घोड्याला बिस्फॉस्फोनेट या, हाडांची झीज रोखणाऱ्या गटातलं औषध द्यायला पूर्ण मनाई आहे. वय कितीही असो, कारण काहीही असो. ब्रिटनचा नियम सौम्य आहे. घोडा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत द्यायचं नाही, नंतर दिलं तर पुढचे ३० दिवस त्याला पळवायचं नाही. माझ्या मते अमेरिकेचं बरोबर आहे आणि ब्रिटनचं अपुरं. का, ते लिहितो. रेस न बघणाऱ्यांनीही वाचा, कारण हे औषध तुमच्या घरातल्या फ्रीजवरच्या डब्यात असण्याची शक्यता बरीच आहे.

घोड्यांसाठी या गटातली दोन औषधं बाजारात आहेत. टिल्युड्रोनेट (टिल्ड्रेन) आणि क्लोड्रोनेट (ऑस्फॉस). अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) दोन्हींना २०१४ साली परवानगी दिली, तीही एकाच आजारासाठी. खुराच्या आत नावेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, ते झिजतं, दुखतं आणि घोडा पुढच्या पायांनी लंगडायला लागतो. मध्यम वयाच्या, सवारीच्या घोड्यांना हे फार होतं. लेबलवर स्पष्ट छापलेलं आहे: चार वर्षांखालच्या घोड्याला नको, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोडीला नको.

आणि मग ते गेलं कुठे? दीड-दोन वर्षांच्या शिंगरांना. त्या वयात खुराचा हा आजार जवळपास नसतोच. पण लिलावाच्या आधी शिंगराच्या पायांचे एक्स-रे काढून खरेदीदारांना दाखवतात. घोट्याच्या मागे दोन छोटी सिसॅमॉइड हाडं असतात, त्यांच्यावर खुणा दिसल्या की भाव पडतो. या औषधाने एक्स-रे सुधारतो असा समज पसरला. शिवाय ते थोडी वेदनाही मारतं, म्हणजे नडग्या दुखणारं जनावर पुन्हा लवकर पळायला उभं राहतं.

हाड एक्स-रेमध्ये दाट दिसतंय म्हणजे ते मजबूत झालंय, असं नाही. माझा सगळा आक्षेप इथे आहे. जाणकारांनी लिहावं.

---

निशा_ठाणे

हे वाचून दचकलेच. माझ्या सासूबाईंना आठवड्यातून एक गोळी आहे, अलेंड्रोनेट. रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हेच ते का? त्यांना चालतं तर घोड्याला का नाही?

---

चिन्मयी_ऑर्थो

निशा, गट तोच. आधी एक सांगते, हा धागा वाचून सासूबाईंची गोळी बंद करू नका. त्यांचा आजार वेगळा आहे आणि तिथे हे औषध खरोखर उपयोगी पडतं.

आपलं हाड आयुष्यभर मोडून पुन्हा बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं, तडकलेलं हाड कुरतडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवं भरतात. मुंबईतल्या रस्त्यावर एक टोळी खोदून जाते आणि दुसरी मागाहून भरायला येते, तसं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये खोदणारी टोळी माजते आणि भरणारी मागे पडते. हाड पोकळ होत जातं, मणक्यापासून खुब्यापर्यंत कुठेही मोडू शकतं. बिस्फॉस्फोनेट खोदणाऱ्या टोळीला थोपवतं. सत्तर वर्षांच्या बाईला हेच हवं असतं.

आता दोन वर्षांचा घोडा घ्या. त्याच्या शरीरात खोदणारी टोळी माजलेली नाही. ती जे करते आहे ते अत्यावश्यक आहे. पूर्ण वेगात पळताना नळीच्या हाडावर प्रचंड भार येतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. त्या भेगा असलेला भाग आधी कुरतडून काढावा लागतो, तेव्हाच नवं हाड बसतं. औषधाने कुरतडणं थांबलं की दुरुस्तीची पहिली पायरीच बंद. भेगा तिथेच राहतात आणि साचत जातात. त्यात वाढीच्या वयात हाडाला नीट आकार यायलाही याच पेशी लागतात.

माणसांतही याचा पुरावा आहे. वर्षानुवर्षं ही औषधं घेतलेल्या थोड्या रुग्णांत मांडीचं हाड किरकोळ कारणाने, मधोमध, आडवं मोडतं. स्कॅनवर घनता चांगली आणि तरी मोडतं. म्हणून आम्ही साधारण पाच वर्षांनी रुग्णाचा धोका पुन्हा तपासतो, जमत असेल तर औषधाला सुट्टी देतो. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी सांगा असं बजावतो, ते जबड्याच्या हाडाच्या भीतीने.

घनता म्हणजे मजबुती नव्हे, या खोगीर यांच्या वाक्याला माझी सही.

---

पागेवाला

पशुवैद्य आहे, घोड्यांवरच काम करतो. थोडा उलटा सूर लावतो.

पहिलं, औषधाला खलनायक करू नका. सवारीचा दहा-बारा वर्षांचा घोडा, खुरामुळे लंगडणारा, नाल बदलून, विश्रांती देऊन, सगळं करून दमलेला मालक. अशा घोड्याला क्लोड्रोनेट दिल्यावर तो काही महिने सुखाने चालताना मी पाहिला आहे. दिल्यावर कळा येतात, पोट दुखतं, तासभर हाताने फिरवत बसावं लागतं. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून सोबत ब्यूटसारखी वेदनाशामकं टाळायची. एवढं पथ्य पाळलं तर औषध कामाचं आहे.

दुसरं, या औषधामुळे रेसचे घोडे मरतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. शरीरशास्त्र तसं सुचवतं, चिन्मयीताईंनी लिहिलंय ते बरोबरच आहे. पण माणसाचं औषध आणि घोड्याचं औषध यात ताकदीचा फरक आहे. टिल्युड्रोनेट आणि क्लोड्रोनेट ही जुन्या, नायट्रोजन नसलेल्या प्रकारातली. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट त्यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र. माणसांतल्या मांडीच्या हाडाचा दाखला जसाच्या तसा घोड्यावर चिकटवता येत नाही.

आणि सँटा अनिटाचं उदाहरण कोणी काढण्याआधी मीच काढतो. डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या हंगामात कॅलिफोर्नियातल्या त्या एका रेसकोर्सवर ३० घोडे गेले. देशभर गहजब. राज्याच्या घोडेशर्यत मंडळाने त्यातल्या २३ मृत्यूंची चौकशी करून मार्च २०२० मध्ये अहवाल दिला. बेकायदा औषधं सापडली नाहीत.

---

खोगीर

पागेवाले, अहवालातलं पुढचं वाक्यही सांगा की. त्या २३ पैकी २१ घोड्यांच्या हाडात, जिथे मोडलं असं दिसत होतं त्याच जागी, आधीपासून दुखापत होती. म्हणजे हाड एका दिवसात मोडलं नव्हतं, ते आतून आठवडे-महिने तयारी करत होतं. औषधाने मारलं असा माझा दावा नाहीच. ज्या जनावराच्या हाडात दुरुस्तीचं काम बाकी आहे, त्याची दुरुस्ती थांबवणारं आणि वर दुखणं लपवणारं औषध देऊ नका, एवढंच म्हणणं आहे. घोडा लंगडला तर निदान सईसाला कळतं, ट्रेनरला कळतं. लंगडायचाच थांबला तर कुणाला कळणार?

पुराव्याची वाट बघू म्हणाल, तर पुरावा ट्रॅकवर पडदे लावून गोळा होतो. कोसळलेल्या घोड्याला तिथेच मारताना लोकांना दिसू नये म्हणून ते पडदे लावतात, तुम्हाला माहीत आहे.

---

पागेवाला

पडद्याचं लिहून तुम्ही भावनेला हात घातलात. पण मुद्दा मान्य. दुखणं लपण्याच्या बाबतीत माझं तुमच्याशी भांडण नाही.

---

उगाचच

रेसच बंद करा. प्रश्न मिटला. श्रीमंतांचा जुगार आणि घोड्यांचा जीव.

---

बापूराव_चाकण

मग आमच्या बैलगाड्यांवर येतील परत! २०२३ ला सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला म्हणून सुटलो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर कोणी बोलत नाही, घाटात बैल पळाला की सगळ्यांचं प्राणिप्रेम जागं होतं.

---

उगाचच

बैलांवर पण बोलतो, वेगळा धागा काढा.

---

खोगीर

बापूराव, उगाचच, धाग्याचं काश्मीर करू नका ही विनंती. बैलांना कुठलं इंजेक्शन देतात यावर तुम्ही वेगळा धागा काढलात तर मी वाचायला येईन, खरंच.

---

केंटकीकर

लेक्सिंग्टनला राहतो, घोड्यांच्या धंद्यात नाही, पण इथे घोड्यांपासून सुटका नसते. कायद्याबद्दल थोडं.

अमेरिकेत पूर्वी प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. एका राज्यात चालणारं औषध शेजारच्या राज्यात बंद. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि त्यातून हिसा नावाचं प्राधिकरण आलं. ट्रॅकच्या सुरक्षेचे नियम जुलै २०२२ पासून, औषधांचे मे २०२३ पासून. बिस्फॉस्फोनेट तिथे सरळ प्रतिबंधित यादीत आहे, सापडलं तर ट्रेनरला दोन वर्षांपर्यंत घरी बसावं लागतं.

पण खाच कुठे आहे बघा. हिसाचा अंमल घोड्यावर सुरू होतो तो त्याने पहिला अधिकृत, वेळ नोंदवलेला सराव केल्यापासून. त्याआधी शिंगरू शेतावर असतं, लिलावात असतं, तिथे हिसा पोचत नाही. आणि खोगीर यांनी लिहिलंय तसं, गैरवापर तर त्याच काळात! ती फट लिलाव कंपन्यांनी थोडीफार बुजवली. २०१९ च्या जुलैमध्ये कीनलँड, फॅसिग-टिप्टन वगैरेंनी जाहीर केलं की चार वर्षांखालच्या घोड्याला हे औषध दिलेलं चालणार नाही. खरेदीदार तपासणी मागू शकतो आणि औषध सापडलं तर घोडा परत करू शकतो. सरकारी बंदीच्या चार वर्षं आधी. कनवाळूपणा म्हणून नव्हे हां, लाखो डॉलरचं शिंगरू घेऊन गेलेला गिऱ्हाईक कोर्टात जाईल या धास्तीने.

---

निशा_ठाणे

तपासणीत सापडतं का पण? वर्षभरापूर्वी दिलेलं?

---

पागेवाला

इथेच गोची आहे, निशाताई. औषध रक्तातून लवकर उतरतं आणि जाऊन बसतं हाडातल्या खनिजात. तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. रक्त-लघवीचा नमुना काही काळानंतर साफ येऊ शकतो आणि हाडात औषध तसंच. जिवंत घोड्याच्या हाडाचा तुकडा काढून तर सहज बघता येत नाही. वर आणखी गंमत अशी की हाड कुठे कुरतडलं गेलं की तिथलं साठलेलं औषध थोडंथोडं परत बाहेर येतं. म्हणजे आजच्या ट्रेनरने काहीच दिलेलं नसताना नमुना सदोष येऊ शकतो, दोन मालकांपूर्वीच्या कुणाचं तरी पाप. अशा ट्रेनरला दोन वर्षं घरी बसवायचं का? कायमच्या बंदीला माझा खरा विरोध इथे आहे.

---

केंटकीकर

+१. इथे याच मुद्द्यावर चर्चा झडतात. म्हणून शहाणे मालक घोडा घेतानाच औषधोपचाराची लेखी नोंद मागतात.

---

खोगीर

पागेवाले, हा मुद्दा वजनदार आहे. पण त्यातून निघतं काय? औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं हे तुम्हीच लिहिलंत. मग ३० दिवसांच्या अंतराला काय अर्थ उरतो? ते अंतर वेदनाशामकाला शोभतं, जे महिन्यात शरीरातून निघून जातं. इथे ३१ व्या दिवशीही खोदणारी टोळी बांधलेलीच आहे. निर्दोष ट्रेनरला वाचवायचं तर नोंदींची सक्ती करा, जन्मापासून प्रत्येक इंजेक्शन त्या घोड्याच्या पासपोर्टवर चढवा. शिक्षा ज्याने सुई मारली त्याला.

आता वयाचं. ब्रिटनची साडेतीन वर्षांची मर्यादा त्यांच्या कॅलेंडरला ठीक बसते. एप्समची डर्बी तीन वर्षांचे घोडे जूनच्या सुमारास पळतात, म्हणजे डर्बीत उतरणारा कुठलाही घोडा मर्यादेच्या आतच असतो. केंटकी डर्बीचंही तसंच, मे महिना, वय तीन.

आपली इंडियन डर्बी बघा. महालक्ष्मीवर, फेब्रुवारीत, २४०० मीटर, आणि वय चार. १ जानेवारीला सगळ्या घोड्यांचा वाढदिवस मानतात म्हणून कागदावर चार. समजा, शिंगरू मार्चमध्ये जन्मलं. त्याला साडेतीन वर्षं पुरी होतात सप्टेंबरात. तेव्हा पुण्याचा पावसाळी हंगाम चालू असतो. ब्रिटनसारखा नियम जसाच्या तसा लावला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात औषध द्या, ३० दिवस थांबा, नोव्हेंबरात मुंबईचा हंगाम सुरू झाला की पळवा, आणि फेब्रुवारीत डर्बी. सगळं नियमात! म्हणजे जी शर्यत जिंकण्यासाठी मालक सर्वात जास्त उतावीळ असतो, नेमक्या तिच्याच आधी दार उघडं. इतरांचा आकडा उचलून आपल्याकडे लावणाऱ्यांनी आधी आपलं कॅलेंडर उघडावं.

---

चिन्मयी_ऑर्थो

वा, हे गणित डोक्यात आलं नव्हतं.

एक शंका. औषध नाही, तर मग नडग्या दुखणाऱ्या घोड्याचं करायचं काय? बंदी घालणं सोपं असतं.

---

पागेवाला

विश्रांती. आणि शहाणा सराव. दोन्ही मालकाला आवडत नाहीत, कारण पागेचं बिल चालूच राहतं.

सविस्तर सांगतो. नळीचं हाड भारानुसार स्वतःला बदलतं. ज्या दिशेने ताण येतो तिकडे जाड होतं. ते नुसत्या संथ दौडीने होत नाही, थोड्या अंतराची वेगवान दौड हळूहळू वाढवत न्यावी लागते, म्हणजे हाड खऱ्या शर्यतीच्या ताणाला सरावतं. महिनोन्महिने लांब पल्ल्याची संथ दौड करवून मग एकदम शर्यतीत सोडलं की नडग्या सुजल्याच म्हणून समजा.

आणि विश्रांतीतही मेख आहे. सलग कष्टांच्या काळात दुरुस्तीचं काम मागे पडतं, विश्रांती मिळाली की ते जोरात सुरू होतं. म्हणजे आधी खोदकाम. त्या मधल्या काळात हाड तात्पुरतं कमकुवत असतं. दोन-तीन महिने सुट्टी काढून आलेला घोडा टवटवीत दिसतो, मालक म्हणतो काढा बाहेर, आणि खांद्याखालचं हाड जातं. सुट्टीनंतर परतलेल्या घोड्यांत त्या हाडाचे फ्रॅक्चर जास्त होतात हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

लवकर ओळखण्याची साधनंही आली आहेत. सँटा अनिटाच्या प्रकरणानंतर तिथे डिसेंबर २०१९ मध्ये घोड्याला उभ्यानेच, पूर्ण भूल न देता पायाचा पीईटी स्कॅन करणारं यंत्र बसवलं. एक्स-रेत काही न दिसणारी जागा त्यात उजळते. अशा जागा दिसल्या की घोडा थांबवायचा. औषध देऊन ती खूण मिटवण्यापेक्षा ती बघून थांबणं बरं, इतपत मी तुमच्या बाजूला सरकलो आहे खोगीर.

---

उगाचच

म्हणजे बंदी घालून फरक पडला का, आकडा आहे काही? की नुसतंच?

---

केंटकीकर

आकडा आहे. अमेरिकेत २००९ पासून मोजतात. तेव्हा दर हजार धावांमागे २ घोडे दगावत. २०२४ मध्ये हिसाच्या ट्रॅकवर ते प्रमाण ०.९० वर आलं, आणि जे ट्रॅक हिसाच्या बाहेर आहेत तिथे १.७६. पण याचं सगळं श्रेय या एका बंदीला देऊ नका. ट्रॅकच्या मातीची तपासणी, शर्यतीआधी पशुवैद्याने घोडा बघणं, इतर औषधांवरचे निर्बंध, सगळं एकाच वेळी आलं.

---

उगाचच

ठीक. अपेक्षेपेक्षा बरा आकडा आहे. तरी ०.९० म्हणजे शून्य नाही.

---

बापूराव_चाकण

एक विचारतो. रेसमधून निवृत्त झालेला घोडा लग्नाच्या वरातीला नाहीतर रायडिंग क्लबला जातो. त्याला हे औषध दिलं असेल तर नवीन मालकाला त्रास?

---

पागेवाला

चांगला प्रश्न, बापूराव. रायडिंगला घेत असाल तर तीन गोष्टी बघा. आधीच्या पागेतून उपचारांची नोंद मागा, तोंडी नको, लेखी. चारही पायांचे नवे एक्स-रे काढा आणि ते फार सुंदर दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. घोड्याला कडक जमिनीवर छोट्या वर्तुळात दोन्ही दिशांनी दुडक्या चालीने फिरवून बघा, लंगड असेल तर तिथे दिसते. घोडी असेल आणि पुढे शिंगरू घ्यायचं मनात असेल, तर औषध दिलं होतं का हे हमखास विचारा. दिलेलं असेल तर व्यवहार करण्याआधी तुमच्या पशुवैद्याशी बोला.

---

बापूराव_चाकण

घोडीच बघतोय. नोंद मागतो मग. एक्स-रे काढले की इथे टाकले तर बघाल का?

---

पागेवाला

व्यनि (खासगी निरोप) करा. घोट्याचे दोन तिरके कोन आणि खुराचा वरून एक, एवढे नक्की काढायला सांगा.